आमचा तारवाद्यवृंद आणि डोंबिवलीचं खोकं

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. प्लॅनिंगमध्ये माझा हात धरणारी मुलगी दुबईशेजारच्या अख्ख्या अजमानात नाही! दहावीचं टाइमटेबल मी चार रंगांत करते. इंडियाला जाताना कुणी कुठल्या बॅगेवर बसलं म्हणजे चेन लागेल, हेसुद्धा मीच ठरवते. त्यामुळे आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी बँड काढला, तेव्हा मॅनेजर कोण हा प्रश्नच आला नाही. म्हणजे, मी तो कुणाला विचारूच दिला नाही.

आता बँड म्हटल्यावर लगेच धूर, लाइट आणि फाटक्या जीन्स डोळ्यांसमोर आणू नका. आमचा बँड म्हणजे 'तारका'. फक्त बायका आणि फक्त तारांची वाद्यं. माझी आई, मृणालिनी, व्हायोलिन वाजवते. लग्न होऊन इथे आल्यापासून ते बिचारं बेडखाली रजयांच्या मागे झोपलं होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या एमिली आंटी वसईच्या. त्यांच्याकडे त्यांच्या पपांचं, म्हणजे वडिलांचं, मँडोलिन आहे. पपा ते वसईच्या लग्नांमध्ये वाजवायचे. त्याला हात लावायचा तर आधी साबणाने हात धुवावे लागतात आणि मग आंटी नाहीच म्हणतात. त्यांची मुलगी ॲनेट माझ्या वर्गात आहे, ती गिटार वाजवते. खालच्या मजल्यावरच्या मरियमबी खाला रत्नागिरीकडच्या. त्या वाजवतात बुलबुलतरंग. टाइपरायटरने सतारीशी लग्न केलं तर जे मूल होईल, ते बुलबुलतरंग!

आणि मी? मॅनेजर. शिवाय तुणतुणं. तुणतुण्याला एकच तार असते. आईच्या मते माझ्या हातात एकापेक्षा जास्त तारा देणं समाजासाठी धोक्याचं आहे.

वाजवायचं काय, तर फक्त जुनी गाणी. जात्यावरच्या ओव्या, हळदीची गाणी, आंटींची वसईची लग्नगीतं, खालांच्या गावची मेंदीची गाणी. आमच्यापैकी एकीनेही जन्मात जातं ओढलेलं नाही. पीठ सुपरमार्केटमधून येतं. पण चौघी वाजवायला लागल्या की कॉरिडॉरमधले पाकिस्तानी, मल्याळी, फिलिपिनो सगळे दार किलकिलं करून ऐकायचे. ॲनेट म्हणायची, "इट्स सो ओल्ड, इट्स ऑलमोस्ट कूल!"

हे ज्यांना अजिबात कूल वाटलं नाही, ते म्हणजे विजयकुमार काका. आमच्या मराठी मंडळाचे तहहयात अध्यक्ष.

मंडळाचं स्नेहसंमेलन दर वर्षी जूनच्या शेवटच्या शुक्रवारी दुबईत असतं. नंतर सगळे सुट्टीवर इंडियाला पळतात ना, म्हणून. त्यात बायकांचं योगदान ठरलेलं : चारशे बटाटेवडे. आणि पुरुषांचं योगदान : काकांचा 'सूरसम्राट ऑर्केस्ट्रा'. म्हणजे पाच पुरुष आणि एक कीबोर्ड. कीबोर्डवर 'डेमो' नावाचं एक बटण असतं. काका ते दाबतात आणि डोळे मिटतात. उरलेले चौघे मान हलवतात. दहा वर्षं आम्ही टाळ्या वाजवतोय!

एप्रिलच्या मीटिंगमध्ये आईने 'तारका'चं नाव दिलं, तर काका असे दचकले की चहा बशीत.

"तारका? बायकांचा बँड? अहो वहिनी, मग वडे कोण तळणार?"

"या वर्षी तुम्ही तळा," आई म्हणाली.

सगळे हसले. काकांना वाटलं, आई जोक करतेय.

एमिली आंटींनी विचारलं, "विजयकुमार, तुमचं ते बटण दाबायला किती माणसं लागतात हो?"

"सामूहिक कला आहे ती, एमिलीबाई!"

"तर मग आमचीपण सामूहिकच आहे."

काका लाल झाले. "ठीक आहे! पंधरा मिनिटं देतो. जमलं, तर पुढच्या वर्षीपासून वडे पुरुष तळतील आणि तुमचा कार्यक्रम कायमचा. पण फजिती झाली, तर बँड खलास! वडे कायमचे तुमचे. वर चटणीसुद्धा!"

"चटण्या दोन लिहा," मरियमबी खाला म्हणाल्या. "हरायचंच नाय, तर भ्यायचं कशाला?"

मीटिंगच्या मिनिट्समध्ये हे सगळं लिहिलं गेलं. दोन चटण्यांसकट.

दोन महिने आम्ही अशी प्रॅक्टिस केली, अशी प्रॅक्टिस केली, की शेजारच्या मल्याळी अंकलना मराठी ओव्या पाठ झाल्या. आणि मॅनेजर म्हणून मी काय केलं? मी डोकं चालवलं! सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

मी म्हटलं, नुसतं स्टेजवर जाऊन काय वाजवायचं? धमाका पाहिजे! पडदा उघडणार. स्टेजवर फक्त एक भलंमोठं खोकं, दोरीने करकचून बांधलेलं. गल्फमधल्या माणसाला खोक्याएवढं जवळचं दुसरं काय आहे? सुट्टीआधी प्रत्येक घरात एक खोकं भरलं जातं. दूध पावडर, टँग, साबण, बाम. मग ते बोटीने इंडियाला जातं. तर मी चालत येणार, सपकन दोरी कापणार आणि आतून एकेक वाद्य बाहेर! अख्खा हॉल उभा!

"फालतूपणा नको गं," आई म्हणाली.

"आई, धिस इज कॉल्ड शोमनशिप!"

"बरं बाई. पण खोक्यावर 'वाद्यं' असं ठळक लिही. कुणीतरी आपटायचं."

किती साधी माझी आई! 'वाद्यं' लिहिलं की सरप्राइज फुटलंच ना? शिवाय काकांची माणसं हॉलमध्ये सकाळपासून घुटमळत असणार. मी ठरवलं, वेशांतर करायचं. खोक्याचं वेशांतर!

त्याच आठवड्यात बाबांनी एका दुकानातून वॉशिंग मशीनची दोन रिकामी खोकी मागून आणली होती. अगदी जुळी. एकात त्यांनी डोंबिवलीच्या आशाआत्यासाठी सामान भरलं. दुसरं मी ढापलं. गुरुवारी सकाळी शेवटची प्रॅक्टिस झाल्यावर मी व्हायोलिन, मँडोलिन, बुलबुलतरंग आणि तिरकी करून गिटार, सगळं रजयांमध्ये गुंडाळून आत ठेवलं. एमिली आंटी खोक्यावर वाकून मँडोलिनला म्हणाल्या, "उद्या भेटू हां, पपा." तुणतुण्याचा दांडा काही केल्या मावेना, म्हणून ते बाहेरच राहिलं. मग मी दोरी बांधली, मार्कर घेतला आणि माझ्या अक्षरात, जे शाळेत बोर्डावर लावतात त्या अक्षरात, झोकात लिहिलं :

'दूध पावडर, टँग, साबण, बाम. सौ. आशा, डोंबिवली (पूर्व).'

आत्याचा पूर्ण पत्तासुद्धा लिहिला. वेशांतर करायचं तर पक्कं नको? पिनकोडच्या शेवटच्या आकड्याला मार्करने जीव सोडला. बाबांच्या खोक्यावर लिहायचं राहिलं. म्हटलं, नवीन मार्कर आणू आणि लिहू. घाई काय आहे!

दुपारी सगळ्या बायका खालांच्या घरी बटाटे सोलायला गेल्या. हो, बटाटे! कारण या वर्षी बँडही आमचा आणि वडेही आमचेच होते. हरलो किंवा जिंकलो तरी फरक पुढच्या वर्षीपासून पडणार होता, असं काकांनी बारकाईने समजावून सांगितलं होतं. मी मॅनेजर असल्यामुळे घरी फोनजवळ बसून राहिले.

बाबांचा ऑफिसातून फोन आला. "मुग्धा, चार वाजता कार्गोवाला खैरुद्दीन येईल. खोक्यावर आत्याचं नाव लिहिलंस ना?"

"हो बाबा, मघाशीच!"

बघा, मी खोटं बोलले का? नाही. एका खोक्यावर आत्याचं नाव होतंच!

खैरुद्दीन आला तेव्हा मी फोनवर होते. ॲनेटला सांगत होते की उद्यानंतर काकांना वडे तळायला ॲप्रन कुठल्या रंगाचा द्यायचा.

"बेबी, कौनसा लेके जाने का?"

"जिसपे नाम लिखा है वही, भैया!" मी पाठमोरीच ओरडले. "यल्ला, जल्दी!"

त्याने खोकं उचललं. आतून आवाज आला : टिंगऽऽऽ!

"बेबी, इसमें से गाना आता है!"

"दूध का डब्बा है भैया, बजेगा ही! ॲनेट, आय थिंक गुलाबी..."

आणि मी पावतीवर सही केली. तीसुद्धा झोकात, खाली दोन रेघा मारून.

शुक्रवारी बाबांनी कंपनीचा पिकअप आणला. उरलेलं खोकं उचलायला बाबा आणि खालांचे मिस्टर बदरुद्दीन चाचा, दोघेही लागले.

"अगं, काय वाजवता काय तुम्ही?" बाबा धापा टाकत म्हणाले. "आत पियानो आहे का?"

"बुलबुलतरंग लोखंडी आहे, भाईसाब," चाचांनी बायकोची बाजू सांभाळली.

मी तुणतुणं हातात घेऊन पुढे ऐटीत बसले. खोक्यावर काही लिहिलेलं नाही, हे मला दिसलं का? दिसलं असतं, मी वळून बघितलं असतं तर. पण मॅनेजर लोक पुढे बघतात!

हॉल खचाखच भरला होता. आधी सूरसम्राटांनी डेमो ऐकवला. काकांनी डोळे मिटले, चौघांनी माना हलवल्या. मग काका माइकवर आले.

"आता आपल्या भगिनींचा छोटासा प्रयत्न. चूकभूल द्यावी घ्यावी. आणि कार्यक्रम आवडो न आवडो, वडे गरम आहेत!"

पडदा उघडला. स्टेजवर मधोमध खोकं. मागे भरजरी नऊवारीत आई, काठापदराच्या साडीत एमिली आंटी, जरीच्या ओढणीत खाला आणि कानात तीन तीन रिंगा घातलेली ॲनेट. हॉलमध्ये खसखस पिकली. खोकं बघूनच लोक खूश! मी चालत आले. कात्री उंच धरली. सपकन दोरी कापली.

हात घातला. मऊ लागलं. रजई, मी म्हटलं. ओढली.

ती रजई नव्हती. ती मॅक्सी होती. जांभळी, फुलाफुलांची, साइज डबल एक्सेल.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "वा! सूर मोठा आहे!"

मला वाटलं, बाबांनी गादी म्हणून घातली असेल. पुन्हा हात घातला. दूध पावडरचा डबा. पुन्हा. टँग. पुन्हा. साबणाच्या सहा वड्या. मी वेड्यासारखी उपसतच सुटले! बाम! बदाम! तीन बनियन! लोकांना वाटलं, हे विनोदी नाटुकलं आहे. पोटं धरधरून हसायला लागले. एक काकू डोळे पुसत म्हणाल्या, "अगदी आमच्याच घरातलं हो!"

आणि तिसऱ्या रांगेतून बाबा उभे राहून किंचाळले, "अगं, ते आत्याचं आहे! ती मॅक्सी तीस दिरहमची, म्हणजे जवळजवळ चारशे रुपयांची! जमिनीवर टाकू नकोस!"

टाळ्या! शिट्ट्या! बाबांनाही लोकांनी कलाकार मानलं.

मी मात्र उभ्या जागी बर्फ झाले होते. एका खोक्यावर नाव. जिसपे नाम लिखा है वही. टिंगऽऽऽ.

"मुग्धा," आई दातांच्या मागून म्हणाली, "वाद्यं कुठे आहेत?"

"आई... बहुतेक... डोंबिवलीच्या वाटेवर."

एमिली आंटींचा चेहरा बघवेना. "माझा पपा?" एवढंच म्हणाल्या. मला खोक्यात शिरून झाकण लावून घ्यावंसं वाटलं.

काका विंगेत घड्याळ बघत उभे होते. चेहऱ्यावर कॅलेंडरमधल्या देवासारखी शांती. "वहिनी, नाटुकलं छान. पण वाजवणार कधी? बारा मिनिटं राहिलीत. नाहीतर, मिनिट्समध्ये आहेच हो... दोन चटण्या."

आईने एकदा माझ्याकडे बघितलं. ती नजर मी अजून विसरलेले नाही, कारण ती अजून माझ्यावरच आहे. मग ती म्हणाली, "तुणतुणं घे."

"आई, मला एकच सूर येतो!"

"तेवढाच हवाय. आणि तेवढाच वाजव!"

मी वाजवायला लागले. तुण तुण तुण तुण. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये तो आवाज म्हणजे मॉलमध्ये हरवलेलं पोर! मग आई मॅक्सी आणि टँगच्या मधोमध खाली बसली, हात असा फिरवला की जणू जात्याचा खुंटा धरलाय, आणि गायला लागली :

'सासरी निघाली लेक, माय बांधते गाठोडं,
वर खोबऱ्याची वाटी, खाली लपवी रडू थोडं...'

हसू थांबलं. असं थांबलं, जसा पॉवर गेल्यावर एसी थांबतो. समोर बसलेली सगळी खोकीवाली माणसं! कुणी आईला पाठवतं, कुणी बहिणीला, कुणी दोन वर्षं न पाहिलेल्या पोरांना. मघाशी डोळे पुसत हसणाऱ्या काकू अजून डोळे पुसतच होत्या, पण हसत नव्हत्या. खालांनी मेंदीचं गाणं उचललं. ॲनेटने दूध पावडरचा डबा उलटा केला आणि ठेका धरला. शेवटी एमिली आंटी उठल्या. मँडोलिनवर जे वाजवायच्या, ते वसईचं लग्नाचं गाणं त्यांनी तोंडाने सुरू केलं आणि हॉलमधले वसईकर खुर्च्या सरकवून नाचायलाच लागले!

आता मी जरा रंगात आले. आपण बरं वाजवतोय असं मला वाटलं. हे मला नेहमी चुकीच्या वेळी वाटतं. मी तार जोरात ओढली.

टण्ण!

तार तुटली आणि थेट विंगेतल्या काकांच्या नाकावर सटकन बसली. तारवाद्यवृंदात आता एकही तार नव्हती. पण कुणी थांबलंच नाही. सगळा हॉल टाळ्यांवर गात होता आणि काका नाक धरून!

कार्यक्रम संपला. काका बामाचा हात नाकावर ठेवून माइकवर आले. बाम आत्याचाच.

"गाणं गोड झालं, मान्य! पण नियम म्हणजे नियम. नाव तारवाद्यवृंद, आणि तारा किती? शून्य! म्हणजे फजितीच की. तरी मी मनाचा मोठा आहे. बिनवाद्यांचं इतकं छान गाता, तर पुढच्या वर्षी किचनमध्येच माइक लावतो. तळता तळता गा!"

हॉलमधले पुरुष टाळ्या वाजवणार, एवढ्यात मरियमबी खालांनी काकांच्या हातातून माइक काढून घेतला.

"विजयकुमारभाई, तुमच्या कीबोर्डाला तारा किती?"

काका वळून कीबोर्डकडे बघायला लागले.

"एकच हाय ना? ती प्लगची. ती काढून वाजवून दाखवा. आमची तार तुटली, आम्ही गायलो. तुमची काढून तुम्ही गा. जमलं, तर चटण्या चार!"

हॉलमध्ये काय हशा झाला! कुणीतरी खरंच जाऊन प्लग काढला! काकांनी सवयीने बटण दाबलं, सवयीने डोळे मिटले. काहीच वाजलं नाही. चौघांनी मात्र सवयीने माना हलवल्या.

तिथल्या तिथे हात वर करून मतं झाली. पुढच्या वर्षी वडे पुरुष तळणार. 'तारका'ला अर्धा तास. काकांनी मिनिट्समध्ये हळूच एक ओळ घुसवली : 'वाद्यं गेटवर प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय स्टेजवर प्रवेश नाही.' आम्ही म्हटलं, लिहा! दाखवू की!

शनिवारी बाबांनी कार्गोच्या गोडाऊनला फोन केला. "खलास, साब," खैरुद्दीन म्हणाला. "कंटेनर सील हो गया. मैंने बेबी को बोला था, गाना आता है."

पुढचा दीड महिना एमिली आंटी माझ्याशी फक्त 'गुड मॉर्निंग' एवढंच बोलत होत्या. तेही संध्याकाळी.

ऑगस्टमध्ये आशाआत्याचा फोन आला. मी स्पीकर लावला, चौघी सोफ्यावर श्वास रोखून बसल्या.

"अगं मृणाल, खोकं पोचलं बरं का! एवढं वर लिहिलंय दूध पावडर, आत बघते तर काय! मी म्हटलं, माझ्या वहिनीने माझ्या मनातलं कसं ओळखलं?"

"आशाताई, अहो, ते चुकून..."

"चुकून कसलं! गल्फचं खोकं आलं म्हटल्यावर अख्खी बिल्डिंग हजर. दर वेळी साबण वाटते, या वेळी वाद्यं वाटली! सेकंड फ्लोअरच्या कुलकर्णीबाई मँडोलिन काय वाजवतात! आम्ही बायकांनी बँडच काढलाय. गणपतीत कार्यक्रम ठरला, पत्रिकासुद्धा छापल्या!"

एमिली आंटी ताडकन उठल्या. "मी जाते. पुढच्या आठवड्यात मी वसईला आहे. डोंबिवलीला जाते आणि पपाचं मँडोलिन घेऊनच येते!"

त्या गेल्या. पंधरा दिवसांनी परत आल्या. हातात फक्त कुलकर्णीबाईंनी दिलेला चकलीचा डबा.

"मँडोलिन?" आम्ही सगळ्यांनी एकदम विचारलं.

"हात धुऊन वाजवतात गं त्या," आंटी म्हणाल्या आणि लाजल्या. "दोन गाणी शिकवून आले. म्हटलं, दिवाळीपर्यंत राहू दे. पपालापण बरं वाटत असेल, इतक्या वर्षांनी तिकडची हवा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुझ्या आत्याने निरोप दिलाय. त्यांच्याकडे एका वाद्याची कमी आहे. पुढच्या खोक्यात एक तुणतुणं पाठव म्हणाल्या. आणि वर खरं काय ते लिही!"

तर असं झालं. पुढच्या जूनमध्ये वडे काका तळणार आहेत, गुलाबी ॲप्रन मी घेऊन ठेवलाय. अर्ध्या तासाचा स्लॉट आमचाच आहे. आणि 'तारका'ची मॅनेजर अजूनही मीच आहे.

फक्त, बँड सध्या डोंबिवलीत असतो.